निवेदन दिलं, फोटो छापून आला, आता पुढे? लोकप्रतिनिधींशी धोरणावर बोलू पाहणाऱ्या डॉक्टरांसाठी

तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला आमदाराशी ओळख काढावी लागत नाही. ओळख आपणहून चालत येते, आणि बहुधा रात्री येते. फोनवर पीए असतो. "डॉक्टरसाहेब, आपलाच माणूस आहे. बिलाचं जरा बघून घ्या." आपण बघतो. वर्षानुवर्षं हा फोन एकाच दिशेने चालतो. उलट दिशेने आपण जातो ते कुठे मारहाण झाली की : पाच-सात जण, पांढरे ॲप्रन, हातात निवेदन, समोर साहेब, बाजूला फोटोग्राफर. दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर फोटो येतो. निवेदनावर 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित' असा शेरा पडतो आणि कागद दोन-तीन टेबलं फिरून कुठल्या तरी फायलीत झोपतो.

मी बालरोगतज्ज्ञ. डॉक्टरांच्या संघटनेच्या आमच्या शाखेचा दोन वर्षं सचिव होतो, त्यामुळे असे फोटो माझ्याकडेही आहेत. आमच्या पहिल्या निवेदनात अकरा मागण्या होत्या. एकीलाही उत्तर आलं नाही. आज तो कागद वाचला की वाटतं, उत्तर न देणाऱ्याचं फार चुकलं नव्हतं. काही मागण्या राज्य सरकारच्या हातातल्याच नव्हत्या, काही कायद्यात आधीपासून होत्या, आणि उरलेल्यांत नेमकं काय करायचं तेच आम्ही लिहिलं नव्हतं. आमदाराला आपलं मत फारसं उपयोगाचं नसतं. त्याला मसुदा लागतो, म्हणजे सभागृहात उभं राहून जसाच्या तसा वाचता येईल असा मजकूर. तो कसा तयार करायचा आणि कुठे, कधी, कोणाच्या हातात द्यायचा, हे या लेखात सांगतो. सगळी मांडणी महाराष्ट्राच्या विधिमंडळाला धरून आहे. दिल्लीचा विषय जिथे येतो तिथे तेवढा घेतला आहे.

पायरी १ : कुलूप कोणतं आणि किल्ली कोणाकडे

सुरुवात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीपासून करा. वाचायला दहा मिनिटं लागतात. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालयं आणि दवाखाने राज्य सूचीत आहेत, नोंद ६. वैद्यकीय शिक्षण (नोंद २५), वैद्यकीय व्यवसाय (नोंद २६) आणि औषधं (नोंद १९) समवर्ती सूचीत, म्हणजे तिथे केंद्राचा कायदा असेल तर सहसा तोच चालतो. म्हणून नर्सिंग होमच्या नोंदणीचं गाऱ्हाणं मुंबईत सुटतं आणि पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं दिल्लीत. आमदारापुढे परीक्षेचा विषय काढला तर तो मान डोलावेल, चहा पाजेल, आणि तुमची भेट संपेल.

राज्याच्या आतही दारं वेगवेगळी. ग्रामीण रुग्णालय, प्राथमिक आरोग्य केंद्र, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. वैद्यकीय महाविद्यालयं आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल हे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. डॉक्टरवरचा हल्ला गृह विभागाकडे. इस्पितळाच्या इमारतीच्या परवानग्या नगरविकासाकडे. आमच्या अकरा मागण्यांचं निवेदन आम्ही 'मा. आरोग्यमंत्री' यांना दिलं होतं. त्यातल्या निम्म्या मागण्या त्यांच्या खात्याच्या नव्हत्या.

मग पातळी बघा. अधिनियम विधिमंडळ करतं. नियम विभाग करतो आणि राजपत्रात छापतो. शासन निर्णय विभागाचा असतो. परिपत्रक तर एखादा सचिव किंवा संचालकही काढू शकतो. २०२१ च्या जानेवारीत नर्सिंग होममध्ये दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद लावणं सक्तीचं झालं, तेव्हा अनेकांनी 'नवा कायदा आला' म्हणून आरडाओरडा केला. कायदा जुनाच होता, १९४९ चा. बदलले होते त्याखालचे नियम. ज्याला हा फरक कळतो तो परिपत्रकाने सुटणाऱ्या कामासाठी विधेयक मागत नाही.

मारहाणीचंच घ्या. प्रत्येक निवेदनात 'कडक कायदा करा' हे वाक्य असतं. महाराष्ट्रात हा कायदा २०१० पासून आहे. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मोडलेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. अडतं ते पुढे : पोलीस ठाण्यात हे कलम लागतं का, दोषारोपपत्र किती दिवसांत जातं, खटल्याचं काय होतं. तेव्हा मागणी कायद्याची असून उपयोग नाही, अंमलबजावणीचा हिशेब मागायला हवा. या एका बदलाने निवेदनाचा पत्ता आरोग्य विभागाऐवजी गृह विभागाचा होतो.

चुकीची किल्ली वापरली की काय होतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण गुटख्याचं आहे. महाराष्ट्राने २००२ साली गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. आधार होता अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्यातल्या एका अधिकाराचा. उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये ती बंदी रद्द झाली. तो अधिकार साथीसारख्या तात्पुरत्या, स्थानिक संकटासाठी आहे, असं न्यायालयाने धरलं. हेतूत खोट नव्हती, कलम चुकलं होतं. पुढे २०११ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा विनियमांत एक छोटं वाक्य आलं : कोणत्याही खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन घटक म्हणून वापरता येणार नाही. गुटखा हा खाद्यपदार्थ ठरला की बाकीचं आपोआप होतं. त्या वाक्यावर आधी मध्य प्रदेशाने आणि २०१२ च्या जुलैत महाराष्ट्राने बंदी घातली. आदेश अन्नसुरक्षा आयुक्तांचा, मुदत एक वर्षाची, म्हणून तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. (पानटपरीवर आज काय मिळतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही. तो पुन्हा अंमलबजावणीचा हिशेब.)

पायरी २ : आकडे स्वतःच्या वहीतले हवेत

याच गुटख्याच्या लढ्यात टाटा मेमोरियलचे शल्यचिकित्सक डॉ. पंकज चतुर्वेदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स' ही मोहीम चालवली. जबडा किंवा जीभ गमावलेले रुग्ण स्वतः लोकप्रतिनिधींसमोर जाऊन बसले. तक्त्यातला आकडा नजरेआड करता येतो, समोरच्या खुर्चीवरचा चेहरा करता येत नाही. मात्र रुग्णाला नेणार असाल तर लेखी संमती घ्या, त्याच्या भाषेत समजावून घ्या, आणि तिथे फोटो काढले जाणार नाहीत हे आधी पीएशी बोलून ठरवा. आजारी माणूस आपल्या उपकाराखाली असतो, तो 'नाही' म्हणत नाही. हे विसरू नका.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं, सगळ्या जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध केलं : ३९ गावांत नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. शेजारची ४७ गावं तुलनेला होती. २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या घरभेटींच्या रूपाने हे काम देशभराच्या कार्यक्रमात गेलं. बारा वर्षं लागली, पण 'तुमच्याकडे पुरावा काय?' या प्रश्नाला उत्तर पहिल्या दिवसापासून तयार होतं.

आपण काही बंग नाही. पण तालुक्यातल्या एका प्रश्नापुरती वही ठेवणं जमतं. समजा तुमच्या ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, आणि सिझेरियनची प्रत्येक बाई जिल्ह्याला पाठवली जाते. किती गेल्या, किती किलोमीटर, किती वाजता, वाटेत काय झालं, एवढं वर्षभर लिहून ठेवा. नावं नकोत. सरकारी बाजूची माहिती माहितीच्या अधिकारातून मिळवा : दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यामुळे 'रुग्णालयाच्या दुरवस्थेबाबत सर्व माहिती' असं मागू नका. 'भूलतज्ज्ञाचं पद मंजूर आहे का, कोणत्या तारखेपासून रिक्त आहे, त्या काळात किती सिझेरियन झाली आणि किती रुग्ण संदर्भित केले' एवढंच मागा. हे उत्तर पुढे सोन्याचं ठरतं. का, ते पाचव्या पायरीत सांगतो.

पायरी ३ : एक पान, त्यात एकच मागणी

पान एकच, मराठीत. इंग्रजी निवेदन आमदाराच्या टेबलावर येतं ते पीएकडे 'जरा बघ' म्हणून जाण्यासाठी. वर विषय, त्याखाली चार ओळींत प्रश्न, मग तीन-चार आकडे, कुठून घेतले त्याच्यासह. मग मागणी, आणि ती एका वाक्यात : कोणत्या विभागाने, कोणता कागद काढावा. 'आरोग्य यंत्रणा सक्षम करावी' ही मागणी नव्हे. 'अमुक ग्रामीण रुग्णालयातील भूलतज्ज्ञाचे पद भरेपर्यंत खाजगी भूलतज्ज्ञास प्रतिशस्त्रक्रिया मानधनावर बोलावण्याची परवानगी जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यावी' ही मागणी. शेवटी खर्च. किती लागेल, कोणत्या योजनेतून किंवा लेखाशीर्षातून (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदरातून) जाईल. खर्चाची ओळ नसलेला कागद वित्त विभागापर्यंत पोचला तरी तिथून परत येतो.

इथे एक इशारा. आमदार लगेच म्हणेल, "डॉक्टर, माझ्या निधीतून सोनोग्राफी मशीन देतो, बोला!" आमदार निधीतून यंत्र येतं, चालवणारा येत नाही. पदं हवी असतील तर आकृतिबंध (कुठे किती पदं याचा मंजूर तक्ता), पदनिर्मिती, वित्त विभागाची मान्यता हा लांबचा रस्ता आहे. नवं आरोग्य केंद्र हवं तर आधी बृहत आराखड्यात, म्हणजे नव्या आरोग्य संस्थांच्या मंजूर यादीत, नाव लागतं. यंत्राला नाही म्हणणं अवघड जातं, मला गेलं होतं. आमच्याकडे आलेलं यंत्र खोक्यातच दीड वर्ष राहिलं.

पायरी ४ : कोणाकडे जायचं, कधी जायचं

विधानसभेत २८८ सदस्य, विधान परिषदेत ७८. आपण विधानसभेच्या आपल्या आमदारापलीकडे बघत नाही, ही मोठी चूक. परिषदेच्या ७८ पैकी ३० विधानसभा सदस्यांनी निवडलेले, २२ स्थानिक संस्थांचे, १२ राज्यपालनियुक्त, ७ शिक्षकांचे आणि ७ पदवीधरांचे. या शेवटच्या सातांचे मतदार आपण आहोत. मुंबईपासून अमरावतीपर्यंतच्या प्रत्येक पदवीधर मतदारसंघात शेकड्यांनी डॉक्टर आहेत आणि त्यातल्या कितीकांनी नमुना १८, म्हणजे पदवीधर मतदार नोंदणीचा अर्ज, भरलेला असतो? पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. शाखेने एका रविवारी बसून सगळ्यांचे अर्ज भरून घेतले, तर त्या आमदाराशी बोलताना आवाजात आपोआप वजन येतं.

अधिवेशनं तीन. अर्थसंकल्पी, बहुधा फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये मुंबईत. पावसाळी, जून-जुलैत मुंबईत. हिवाळी, डिसेंबरात नागपूरला. आपण नेमके अधिवेशन सुरू झालं की जागे होतो. तारांकित प्रश्न (ज्यांच्या उत्तरावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात ते) त्याच्या कितीतरी आठवडे आधी द्यावे लागतात. तेव्हा अर्थसंकल्पी अधिवेशनात विषय यायचा असेल तर दिवाळीनंतर लगेच कामाला लागा. पैशाचा विषय असेल तर विभागाच्या मागण्यांवरची चर्चा आणि पुरवणी मागण्या हे दिवस लक्षात ठेवा.

आणि भेट मतदारसंघात घ्या. विधानभवनाच्या आवारात पास काढून, गर्दीत, चालता-चालता दिलेला कागद म्हणजे लग्नाच्या मांडवात दिलेलं प्रिस्क्रिप्शन. सुट्टीच्या दिवशी सकाळी, घरच्या ऑफिसात, दोघंच जण जा. एक विषय जाणणारा, एक त्या गावचा. दहा मिनिटं मागा, सातव्या मिनिटाला उठायची तयारी ठेवा.

पीएला कमी लेखू नका. फायलीत काय जातं ते तोच ठरवतो. त्याच्याशी नातं जोडायचा एक साधा उपाय मला सापडला : त्याला योजना शिकवा. जन आरोग्य योजनेत कोणते आजार बसतात, जवळचं अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालय कोणतं, धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत राखीव असतात, त्यासाठी कोणते दाखले लागतात. आम्ही हे सगळं एका कागदावर छापून दिलं. बिलाचे फोन कमी झाले आणि आमचे फोन उचलले जाऊ लागले. मात्र बिलातली सवलत आणि धोरणातली मागणी कधीही एका वाक्यात आणू नका. 'आम्ही तुमचं ऐकतो, तुम्ही आमचं ऐका' असं एकदा बोललात की तुमचा सगळा पुरावा सौद्याचा कागद होतो.

पायरी ५ : सभागृहाच्या भाषेत मसुदा

ही पायरी सगळे गाळतात, आणि खरं काम इथेच आहे. विधिमंडळाची आयुधं बरीच आहेत : तारांकित आणि अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न, विधानसभेत नियम १०५ खालची लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, विधानसभेत नियम २९३ आणि परिषदेत नियम २६० खालची चर्चा, अशासकीय ठराव, अशासकीय विधेयक. डॉक्टरने तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी ही दोन नीट शिकली तरी पुष्कळ.

तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. मारहाणीवरचा प्रश्न असा लिहिता येईल :

सन्माननीय गृहमंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :
(१) अमुक जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत डॉक्टर, परिचारिका व रुग्णालयांवरील हल्ल्यांप्रकरणी सन २०१० च्या संबंधित अधिनियमान्वये अमुक इतके गुन्हे नोंदविण्यात आल्याचे माहितीच्या अधिकारात अमुक दिनांकास कळविण्यात आले आहे, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, त्यापैकी किती प्रकरणी दोषारोपपत्र दाखल झाले व किती प्रकरणी दोषसिद्धी झाली,
(३) नुकसानीच्या दुप्पट भरपाई किती प्रकरणी वसूल करण्यात आली,
(४) सदर अधिनियमाची कलमे लावण्याबाबत पोलीस ठाण्यांना सूचना देण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,
(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

आता गंमत बघा. पहिल्या पोटप्रश्नात आपण 'जिल्ह्यातील डॉक्टर भयभीत झाले आहेत, हे खरे आहे काय' असं लिहिलं, तर उत्तर येतं : '(१) हे खरे नाही. (२) ते (५) प्रश्न उद्भवत नाही.' एका ओळीत विषय संपला. म्हणून पहिल्या पोटप्रश्नात विभागाला नाकारता येणारच नाही अशी, त्यांच्याच सहीची गोष्ट घालायची. माहितीच्या अधिकाराचं पत्र इथे कामाला येतं. पहिलं 'हे खरे आहे' एकदा आलं, की पुढचे सगळे प्रश्न उद्भवतात.

लक्षवेधीची भाषा निराळी. ते एकच लांबलचक वाक्य असतं, क्रियापदं नामांसारखी लोंबकळत जातात : 'अमुक येथील ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञाचे पद अमुक महिन्यापासून रिक्त असणे, परिणामी वर्षभरात अमुक गर्भवती महिलांना अमुक किलोमीटरवरील जिल्हा रुग्णालयात पाठवावे लागणे, त्यापैकी अमुक महिलांची वाटेतच प्रसूती होणे, यामुळे नागरिकांत पसरलेला तीव्र असंतोष, याबाबत शासनाने तातडीने करावयाची कार्यवाही व उपाययोजना.' मराठीच्या मास्तरांनी हे वाक्य लाल शाईने भरलं असतं. पण सभागृहात असंच चालतं, आणि असं तयार वाक्य हातात आलेला आमदार ते वापरतो, कारण त्याच्या कार्यालयाचा अर्धा दिवस वाचतो.

सोबत अर्धं पान उपप्रश्नांचं द्या. मंत्री लेखी उत्तरात काय सांगतील याचा अंदाज तुम्हाला असतो ('पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे'). मग आमदाराने लगेच काय विचारावं? 'जाहिरात कधी निघाली, किती अर्ज आले, किती रुजू झाले?' हे त्याला सुचणार नाही. तुम्हाला सुचेल.

पायरी ६ : विधेयक समितीकडे गेलं की खरी संधी

सभागृहात विधेयकाला मिनिटं मिळतात, समितीत महिने. विधिमंडळाची संयुक्त समिती नेमली गेली की ती लोकांकडून सूचना मागवू शकते. २०२४ मध्ये मांडलेल्या जनसुरक्षा विधेयकावर अशा समितीकडे बारा हजारांवर सूचना आल्या आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात ते दुरुस्त्यांसह संमत झालं. संसदेत विभागनिहाय स्थायी समित्या असतात.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या विधेयकाची गोष्ट आठवा. २९ डिसेंबर २०१७ रोजी ते लोकसभेत आलं. आयुषच्या (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरेंच्या) पदवीधरांना ब्रिज कोर्स, म्हणजे जोड-अभ्यासक्रम, करून आधुनिक औषधं लिहू देण्याची तरतूद त्यात होती. २ जानेवारी २०१८ रोजी देशभर डॉक्टरांचा बंद झाला आणि त्याच दिवशी विधेयक स्थायी समितीकडे गेलं. मार्चमध्ये समितीचा अहवाल आला, आणि त्याच महिन्यात मंत्रिमंडळाने ब्रिज कोर्सचं कलम काढलं. पुढे ती लोकसभाच संपली. २०१९ च्या जुलैत नवं विधेयक आलं, त्यात कलम ३२ होतं, सामुदायिक आरोग्य सेवकांना मर्यादित परवाना देणारं, जे २०१७ च्या मसुद्यात नव्हतं. या वेळी ते समितीकडे गेलं नाही. १ ऑगस्टला राज्यसभेनेही संमत केलं, ८ ऑगस्टला राष्ट्रपतींची मोहोर. संप दोन्ही वेळा झाले. पहिल्या वेळी संपाबरोबर समितीचा दरवाजा उघडला होता, दुसऱ्या वेळी नाही. ज्यांना अजून वाटतं की संप हेच आपलं मुख्य हत्यार, त्यांनी या दोन तारखा शेजारी ठेवून बघाव्यात.

समितीपुढे पुरावा न गेल्यास पोकळी राहत नाही, दुसरं कोणी ती भरतं. तंबाखूच्या पाकिटावरचा इशारा ८५ टक्के जागेवर छापायचा नियम एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. नियमांची छाननी करणाऱ्या संसदीय समितीने तो थांबवायला सांगितलं. तंबाखूने कर्करोग होतो असं सांगणारं भारतीय संशोधन नाही, असं समितीच्या अध्यक्षांनी, नगरच्या तत्कालीन खासदारांनी, जाहीरपणे म्हटलं. कर्करोगतज्ज्ञांनी कपाळावर हात मारला. नियम अखेर एप्रिल २०१६ मध्ये लागू झाला. वर्ष गेलंच.

नियमांचे मसुदे हा तर आणखी दुर्लक्षित भाग. मसुदा राजपत्रात किंवा संकेतस्थळावर येतो, खाली 'हरकती व सूचना' मागवलेल्या असतात, मुदत बहुधा तीस दिवस. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेचा मसुदा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मे २०२२ मध्ये ठेवला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये अंतिम विनियम आले, जेनेरिक नावानेच औषध लिहिण्याची सक्ती वाचून गदारोळ झाला, आणि तीन आठवड्यांत ते स्थगित झाले. माझ्या ओळखीच्या डॉक्टरांपैकी मसुद्यावर हरकत पाठवणारे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, आणि मी त्यांत नव्हतो. राज्यातही तसंच. होमिओपॅथीच्या पदवीधरांना औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून आधुनिक औषधं देता यावीत, ही कायद्यातली दुरुस्ती २०१४ ची. डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली होती, पण सामान्य डॉक्टरला या दुरुस्तीचा पत्ता लागला २०२५ मध्ये, असा अभ्यासक्रम केलेल्यांच्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधल्या नोंदणीवरून संप झाला तेव्हा. कोणाची बाजू बरोबर हा इथे प्रश्न नाही. अकरा वर्षांचा उशीर हा प्रश्न आहे.

हरकत कशी लिहायची? कलमवार. डाव्या बाजूला मसुद्यातला शब्द, मधे तुमचा पर्यायी शब्द, उजवीकडे दोन ओळी कारण. 'हे विनियम डॉक्टरविरोधी आहेत' हे वाक्य फायलीत कुठेच लावता येत नाही.

पायरी ७ : आपल्या खिशाचं आधी सांगून टाका

लोकप्रतिनिधीला, आणि लोकांनाही, पहिला संशय हाच असतो : यात डॉक्टरांचा काय फायदा? तो प्रश्न त्याने विचारण्याआधी आपणच उत्तर द्यावं. जन आरोग्य योजनेचे पॅकेज दर वाढवून मागत असाल आणि तुमचं रुग्णालय त्या योजनेत असेल, तर पहिल्या परिच्छेदात लिहा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कमिशनचा धनादेश परत करून त्याविरुद्ध तक्रार केली होती. त्यांच्या शब्दाला वजन का आहे हे वेगळं सांगायला नको. कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलच्या कमिशनविरुद्ध, कायद्याचा मसुदा राज्याने २०१७ मध्ये तयार केला, समितीत डॉक्टरही होते. कायदा झाला नाही. त्या वेळी आपल्यापैकी किती जणांनी त्याच्या बाजूने एक पान लिहिलं, हे एकदा आठवून बघावं. फक्त स्वतःच्या गैरसोयीवर बोलणाऱ्याचं गैरसोयीचं बोलणंही कोणी ऐकत नाही.

सरकारी सेवेतल्या मित्रांनी एक जपावं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ तुम्हाला लागू आहेत. बदली-बढतीसाठी आमदाराचं पत्र आणणं आणि शासनावर जाहीर टीका करणं, दोन्ही अंगाशी येतं. तुमचा रस्ता मॅग्मोसारख्या संघटनेतून, निवासी डॉक्टरांचा मार्डमधून. कार्यालयातला कागद चोरून बाहेर देऊ नका; तोच कागद बाहेरचा माणूस दहा रुपयांत रीतसर मागवू शकतो.

पायरी ८ : उत्तर आल्यानंतर

मंत्री सभागृहात 'तीन महिन्यांत पद भरू' म्हणाले, की आपण टाळ्या वाजवून घरी येतो. थांबा. सभागृहात दिलेल्या शब्दाचा पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. कामकाजाचा तो उतारा विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून किंवा आमदारांच्या कार्यालयातून मिळवा, तारीख टिपा, मुदत संपली की आमदारांना दोन ओळींचं पत्र द्या, उतारा जोडून. शासन निर्णय निघाला तर तो राज्याच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना प्रत नेऊन द्या. निर्णय मंत्रालयातून निघाला म्हणजे जिल्ह्यात पोचला असं नसतं.

आणि आमदारांचे आभार जाहीर माना. काम त्यांनी केलं असं छापून येऊ द्या. मसुदा तुमचा होता हे तुम्हाला माहीत आहे, तेवढं पुरे.

वेळ मात्र लागतो. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार २००८ मध्ये एका जोडप्याबरोबर उच्च न्यायालयात गेले : गर्भाच्या हृदयात गंभीर दोष, आणि गर्भपाताची २० आठवड्यांची कायदेशीर मर्यादा उलटून गेलेली. न्यायालयाने परवानगी नाकारली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, २०१४ चा दुरुस्तीचा मसुदा, पुन्हा शांतता, मार्च २०२० मध्ये लोकसभेची संमती, मार्च २०२१ मध्ये राज्यसभेची. आता विशिष्ट गटांतल्या स्त्रियांसाठी मर्यादा २४ आठवडे आहे, आणि वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचं निदान केलं तर वरची मर्यादाच नाही. तेरा वर्षं.

आपल्या शाखांचा अध्यक्ष आणि सचिव वर्ष-दोन वर्षांत बदलतो. नव्या सचिवाला मागच्याने दिलेली फाईल बहुधा सत्काराच्या फोटोंची असते. म्हणून आम्ही शाखेत एक वेगळं पद केलं, पाच वर्षांचं, निवडणुकीशी संबंध नसलेलं. त्या डॉक्टरकडे एक वही असते : कोणता विषय, कोणत्या विभागाकडे, कोणत्या तारखेला कोणता कागद, काय उत्तर, पुढची तारीख. सध्या ती वही एका तरुण भूलतज्ज्ञ बाईंकडे आहे. पहिल्या पानावर त्यांनी आमचं ते अकरा मागण्यांचं जुनं निवेदन चिकटवलं आहे आणि प्रत्येक मागणीसमोर पेन्सिलीने विभागाचं नाव लिहिलं आहे. चार मागण्यांसमोर फक्त 'दिल्ली' लिहिलंय.